चॅन्ट्स ऑफ सेनार: उलगडलेलं आणि राहून गेलेलं

एक दगडी शवपेटी उघडते. लाल झगा घातलेलं कुणीतरी त्यातून उठतं आणि चालू लागतं. ते कोण, कुठलं, कुठे निघालं, काहीही सांगितलं जात नाही. थोड्याच वेळात एक बंद दार समोर येतं. शेजारी एक खटका आणि खटक्यापाशी दोन अनोळखी चिन्हं. खटका इकडे ओढला की दार उघडतं, तिकडे ओढला की मिटतं. एवढ्यावरून एक चिन्ह 'उघड' आणि दुसरं 'बंद' असावं असं वाटतं. खात्री नसते. पण पुढे कुठे भिंतीवर ते चिन्ह पुन्हा दिसलं की पाय आपोआप थांबतात, कारण आता ते निव्वळ नक्षीकाम राहिलेलं नसतं.

'चॅन्ट्स ऑफ सेनार' हा व्हिडिओ गेम असा सुरू होतो. फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या रंडिस्क नावाच्या छोट्या स्टुडिओनं तो बनवला. ज्युलियन मोया आणि थॉमस पानुएल ही त्यामागची दोन मुख्य माणसं. सप्टेंबर २०२३ मध्ये तो बाजारात आला. सेनार म्हणजे बायबलमधल्या बाबेलच्या बुरुजाची भूमी. खेळातही एक अवाढव्य बुरूज आहे, त्यात एकावर एक राहणारे पाच समाज आहेत, प्रत्येकाची लिपी वेगळी आणि कुणाचं कुणाला कळत नाही. तळाशी भक्त, त्यांच्यावर योद्धे, मग कलावंत, मग किमयागार आणि सगळ्यात वर जगापासून तुटलेले एकांतवासी. आपण खालून वर चढत जायचं आणि एकेक भाषा उलगडत जायची.

मी मोडी वाचते. नागपूरच्या महाल भागात मोडीचा वर्ग घेते आणि लोकांच्या घरात निघालेले जुने कागद देवनागरीत उतरवून देते. वतनाचे, वाटणीचे, कर्जरोख्याचे, कधी एखादं पत्र. व्हिडिओ गेमशी माझा फारसा संबंध नव्हता. भाचा इंजिनिअरिंगला आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तो आमच्याकडे आला तेव्हा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "मावशी, हे तुझंच काम आहे. तू दिवसभर जे करून राहिली ना, तेच आहे यात." नागपुरातल्या मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पडायची सोय नसते. खिडक्यांना पडदे, कूलर पूर्ण वेगात, त्याच्या आवाजात खेळाचं संगीत निम्मं बुडालेलं, आणि आम्ही दोघं त्या बुरुजात.

खेळ आम्ही इंग्रजीतून खेळलो, पण टिपणं मराठीत काढली, आणि तीही कागदावर. मोडीच्या वर्गात मी सगळ्यांना सांगते, अक्षर हातानं काढल्याशिवाय डोळ्याला ओळखू येत नाही. इथेही तोच अनुभव आला. भक्तांच्या लिपीतली चिन्हं मी वहीत एकाखाली एक काढली, तेव्हा माणसांबद्दलच्या चिन्हांमध्ये एक घटक सारखा असल्याचं लगेच दिसलं. पडद्यावर ती चिन्हं नुसती समोरून निघून जात होती. एकदा तो घटक हाती लागल्यावर, पुढे नवं चिन्ह आलं तरी निदान हे कुणा माणसाबद्दल आहे एवढं कळायला लागलं. पूर्ण अर्थ नाही, पण अर्थाचं घराणं कळलं. माझ्या मते खेळातलं सगळ्यात सुंदर काम हे आहे. चिन्हं उगाच सुचतील तशी काढलेली नाहीत, त्यांच्या आत रचना आहे, आणि ती रचना कुणी समजावून सांगत नाही. ज्याचं लक्ष असेल त्याला ती सापडते.

लिपी उलगडणं हे एकच एक काम नाही, हे इथे सांगायला हवं. मोडीत भाषा माहीत असते, लिपी शिकायची असते. मराठीच आहे ती, फक्त वळणं वेगळी, शब्द एकमेकांना चिकटलेले आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'दिन' आहे की 'दीन' हे आजूबाजूच्या मजकुरावरूनच ठरवायचं. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांचं उलट आहे. तिथे लिपीही अज्ञात आणि तिच्यामागची भाषाही, म्हणून इतक्या पिढ्या गेल्या तरी ती सर्वांना मान्य होईल अशी कुणाला वाचता आलेली नाही.

ब्राह्मीचं या दोन्हींच्या मधलं झालं. एकोणिसाव्या शतकात ती वाचणारं कुणी उरलं नव्हतं. जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा माणूस. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरच्या लहान लहान लेखांचे ठसे त्याच्याकडे आले होते. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं येताहेत हे त्याच्या लक्षात आलं. प्रिन्सेपनं विचार केला तो अक्षरांचा नाही, जागेचा. स्तूपाच्या कठड्यावर, वेगवेगळ्या खांबांवर, इतक्या लोकांनी तोकडे लेख कशाला कोरून घेतले असतील? अमक्यानं हे दिलं, एवढंच सांगायला. म्हणजे शेवटचा शब्द 'दानं' असणार. त्या एका शब्दातून 'द' आणि 'न' मिळाले, अनुस्वाराचा ठिपका मिळाला, आणि १८३७ मध्ये ब्राह्मी वाचता येऊ लागली.

नागपूरकरांना यासाठी सांचीपर्यंत जायचीही गरज नाही. वैनगंगेच्या काठी भंडारा जिल्ह्यात पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये पुरातत्त्व खातं आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केलं, तेव्हा तिथेही स्तूप निघाला आणि कठड्याच्या दगडांवर ब्राह्मीत दानाचे लेख निघाले. मी पहिल्यांदा पवनीला गेले तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. आता तिथे गेलं की पहिला प्रश्न मनात येतो तो हा दगड कुठे बसवला असेल, याचा.

हा खेळ नेमकी हीच सवय लावतो. चिन्ह कुठे आहे, हे आधी बघायचं. देवळात आहे की कोठारात, खटक्यावर आहे की थडग्यावर, बोलणारा वाकून बोलतोय की हात उगारून. भाचा सुरुवातीला वाक्यातल्या चिन्हांकडेच टक लावून बसायचा. मी त्याला म्हणायचे, अरे, त्या बाईच्या हाताकडे बघ. ती कुठे बोट दाखवते ते बघ. हळूहळू तोच मला सांगायला लागला, "मावशी, हा दरवेळी दाराजवळच बोलतो हे, म्हणजे जाणं-येणं असंल काहीतरी." कुठलाही पाठ न घेता कुणाला असं विचार करायला लावणं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं करू पाहते आहे.

मराठी माणसाला या खेळात थोडा फायदाही मिळतो. भक्त अनेकवचन करताना चिन्हच दोनदा लिहितात. माणूस माणूस म्हणजे माणसं. घरोघर, गावोगाव, मोठेमोठे म्हणत वाढलेल्याला यात अडखळण्यासारखं काही नाही. कलावंतांच्या मजल्यावर याहून गंमत आहे. त्यांच्या वाक्यात कर्म आधी येतं, मग कर्ता, मग क्रियापद. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला तिथे ठेच लागत असणार, पण 'गाणं मी ऐकतो' हे आपलं रोजचं बोलणं आहे. तरी एक फरक राहतोच. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय असतात, म्हणून 'वाघाला माणसानं मारलं' कसंही फिरवा, मेला कोण हे कळतं. त्या भाषेत प्रत्यय नाहीत. तिथे क्रम हेच व्याकरण. वाक्य उलटं वाचलं की मारणारा मरतो. एका वाक्यात हे आमच्या ध्यानात आलं तेव्हा भाच्यानं त्या मजल्यावरची वहीतली जवळजवळ सगळी वाक्यं परत तपासली, मी न सांगता.

किमयागारांकडे गेल्यावर अंक येतात आणि पदार्थांची सूत्रं येतात. त्या मजल्यावर मला विशेष रस वाटला, कारण मोडीच्या कागदांतही अंक स्वतंत्रपणे शिकावे लागतात. पेशवेकालीन कागदांवर सुहूर सनाची तारीख अरबी संख्याशब्दांत लिहिलेली असते: 'सु॥ सलास सबैन मया व अलफ'. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७३, म्हणजे इसवी सन १७७२-७३. अरबीचा गंध नसलेली माझी विद्यार्थी मंडळी पाच-सहा कागद पाहिल्यावर 'अलफ' शेवटी येतो म्हणजे मोठी संख्या असणार, हे स्वतःच म्हणायला लागतात. किमयागारांचे अंक आम्ही तसेच काढले. कशाच्या शेजारी किती वस्तू आहेत ते मोजायचं, दोन ठिकाणी पडताळायचं, मग वहीत लिहायचं.

पण खेळ मला आतून लागला तो योद्ध्यांच्या मजल्यावर.

योद्धे पहारेकरी आहेत. खालच्या भक्तांना वर चढू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. त्यांच्या बोलण्यात एक चिन्ह परत परत येत होतं आणि ते भक्तांबद्दल आहे हे आम्हाला पटकन कळलं. म्हणून मी वहीत लिहिलं, 'भक्त'. सरळ होतं. खाली राहणारे लोक, त्यांचं यांच्या भाषेतलं नाव. पुढे आणखी संदर्भ आले, चित्राशी चिन्ह जुळलं, आणि खेळानं अर्थ दिला: अपवित्र.

मी वहीतलं 'भक्त' खोडलं आणि 'अपवित्र' लिहिलं, आणि पुढे खेळणं त्या दुपारी थांबवलं. खालच्या मजल्यावर आम्ही या लोकांबरोबर वावरलो होतो. त्यांच्या भाषेत ते स्वतःला काय म्हणतात हे आम्हाला माहीत होतं, त्यांच्या प्रार्थनेची जागा माहीत होती, त्यांची रोपं, त्यांची औषधं माहीत होती. आणि एक जिना वर चढून आल्यावर त्याच माणसांना हा शब्द. नागपुरात हा शब्द कुणाच्या कानावरून सहज जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात, दीक्षाभूमीवर, बाबासाहेबांनी लाखो माणसांसह धम्मदीक्षा घेतली. जिना, पहारा आणि वर चढायला मनाई, हे सगळं इथे कल्पनेतलं नाही. फ्रान्समधल्या दोघांना हे ठाऊक असेल-नसेल, पण एका समाजानं दुसऱ्याला ठेवलेलं नाव म्हणजे नाव नसतं, तो निवाडा असतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं आहे. आणि ते भाषण देऊन सांगितलेलं नाही. तो शब्द तुमच्याच हातानं तुमच्याच वहीत लिहून घेतला आहे.

पुढे हेच योद्धे वरच्या कलावंतांना 'निवडलेले' म्हणतात, त्यांच्या रक्षणासाठी आयुष्य घालवतात. वर गेल्यावर कळतं की त्या निवडलेल्यांना या पहारेकऱ्यांबद्दल काडीचा आदर नाही. शब्दकोश जसा भरत जातो तसा बुरुजाचा इतिहास उलगडतो, आणि तो चिन्हांच्या अर्थांतूनच उलगडतो. गोष्ट वेगळी आणि कोडं वेगळं असं दोन ठिकाणी वाटलेलं नाही. मला माहीत असलेल्या इतर कुठल्याही खेळात हे इतकं नीट जमलेलं नाही.

आता जे खटकलं ते.

खेळात आपल्याजवळ एक वही असते. एखाद्या ठिकाणी पुरेसं पाहून झालं की तिच्यात चित्रांचं एक पान उघडतं. प्रत्येक चित्रासमोर योग्य ते चिन्ह ठेवायचं. पानावरची सगळी चिन्हं बरोबर बसली की खेळ ती मान्य करतो, आणि त्यानंतर त्या चिन्हाखाली तुम्ही लिहिलेला अंदाज जाऊन खेळाचा अधिकृत अर्थ येतो. या युक्तीमागचं कारण मला कळतं. चुकीच्या अर्थावर उभं राहून माणूस तीन मजले चढला तर तो अडकेल, चिडेल आणि खेळ सोडून देईल. वाट दाखवणं आवश्यक आहे. पण ही शाबासकी फार लवकर मिळते आणि फार स्वस्तात मिळते. पानावर तीन-चार चित्रं असतात. दोन नक्की कळली की उरलेली दोन अदलाबदल करून बसवता येतात. भाचा हे करायचा, आणि पान मान्य झालं की खूश व्हायचा. मी म्हणायचे, पण हे 'शोधणं' आहे हे तुला कशावरून कळलं? तो म्हणायचा, "आता कळलं ना!" त्याचा दोष नाही. खेळच त्याला दार उघडून देतो, तर तो भिंतीवरून कशाला चढेल?

याचा परिणाम असा होतो की शंका कधी मुरत नाही. खऱ्या कामात शंका हीच सोबत असते. आमच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, देवटेकचा शिलालेख आहे. एकाच दगडावर दोन काळांचे दोन लेख. जुना ब्राह्मीतला, प्राण्यांना पकडण्या-मारण्याची मनाई सांगणारा. नंतरचा वाकाटकांच्या पहिल्या रुद्रसेनाच्या वेळचा. जुना लेख झिजलेला आहे आणि काही अक्षरं गेलेली आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या माणसानं आयुष्य या लेखांत घातलं, वाकाटकांचे सगळे कोरीव लेख १९६३ मध्ये एका मोठ्या ग्रंथात एकत्र आणले, आणि तरी अशा लेखांचे वाचक गेलेल्या अक्षरांपुढे चौकोनी कंस घालून थांबतात. तो कंस म्हणजे हार नव्हे. इथपर्यंत मला दिसतं आणि इथून पुढे माझा तर्क, असं वाचणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगणं आहे ते. मोडीतसुद्धा माझ्या प्रत्येक लिप्यंतरात असे कंस असतात. लोक कधी कधी नाराज होतात, त्यांना पक्कं उत्तर हवं असतं. जमिनीचा कागद असेल तर मला त्यांची घाई समजते. पण नसलेलं अक्षर मी लिहिणार नाही.

या खेळात कंसाला जागा नाही. निदान 'हे किंवा ते' अशा अवस्थेत एखादा मजला काढू द्यायला हवा होता. एखादं चिन्ह शेवटपर्यंत पूर्ण न उलगडणारं ठेवलं असतं तरी मी या मंडळींना दुवा दिला असता. मला आणखी एक गोष्ट बोचली: मी लिहिलेला शब्द खेळ पुसतो. योद्ध्यांच्या एका चिन्हासाठी मी 'कर्तव्य' न लिहिता 'चाकरी' लिहिलं होतं, आणि त्यांच्या तोंडी मला तेच जास्त खरं वाटत होतं. मान्यता मिळाली आणि पडद्यावर खेळाचा शब्द आला. बरं झालं, माझ्याकडे कागदाची वही होती. तिच्यात अजून 'चाकरी'च आहे.

दुसरी तक्रार साधी आहे, पण रोजची आहे. ऐकलेली किंवा पाहिलेली वाक्यं खेळ साठवून ठेवत नाही. चिन्हं साठतात, वाक्यं नाही. एखाद्या चिन्हाबद्दल नवी शंका आली की ते कुठल्या भिंतीवर, कुणाच्या तोंडी पाहिलं होतं ते आठवायचं आणि तिथपर्यंत चालत जायचं. चिन्हाचा अर्थ वाक्यांतून लागतो हे ज्यांना इतकं नीट माहीत आहे, त्यांनी वाक्यंच ठेवू नयेत, याचं मला राहून राहून नवल वाटलं. कुठलाही शिलालेखांचा अभ्यासक आधी ठसे घेतो, मग वाचतो. वहीत एक पान ठसे ठेवायला हवं होतं. आम्ही फोननं पडद्याचे फोटो काढले, भिंतीवरच्या लेखांचे तर सगळेच. तुम्हीही तसंच करा. नाहीतर बुरुजातले जिने आणि वळणं यांतच बराच वेळ जातो, आणि तिथे वाट हरवायलाही वेळ लागत नाही.

लपून जाण्याच्या जागा मला अजिबात आवडल्या नाहीत. योद्ध्यांच्या भागात पहारेकऱ्यांची नजर चुकवत एका आडोशामागून दुसऱ्या आडोशामागे पळायचं. पकडले गेलो की थोडं मागे जाऊन पुन्हा. किमयागारांच्या भागात अंधारात एक राक्षसी प्राणी मागे लागतो. तिथे वाचायला काही नाही, विचार करायला काही नाही, फक्त बोटांची चपळाई. तो लॅपटॉप मी सरळ भाच्याकडे द्यायचे आणि स्वयंपाकघरात जायचे. एक प्रसंग मात्र या भागातला चांगला आहे: योद्ध्यांचा वेष चढवून त्यांच्यातलाच एक म्हणून किल्ल्यात शिरायचं असतं. तिथे भाषा कामाला येते. सगळीकडे तसंच का केलं नाही, हे कळत नाही.

आणि भाषा म्हणून पाहिलं तर या पाचही भाषा पातळ आहेत. काळ नाही, लिंग नाही, एका चिन्हाला एक अर्थ. आवाज तर नाहीच. चिन्ह म्हणजे थेट शब्द, त्यामुळे प्रिन्सेपसारखं एका शब्दातून अक्षरं काढून दुसऱ्या शब्दात घालून पाहणं इथे होत नाही. काही तासांच्या खेळात पाच भाषा बसवायच्या तर त्या पातळच असणार, हे मान्य. पण दोनच भाषा असत्या आणि त्या दाट असत्या, तर मी जास्त आनंदानं खेळले असते.

तशी एक दाट भाषा असलेला खेळ आहे. केंब्रिजच्या इंकल या स्टुडिओचा 'हेवन्स व्हॉल्ट', २०१९ चा. त्यात आलिया नावाची पुरातत्त्वज्ञ आणि सिक्स नावाचा तिचा रोबो तेजोमेघातल्या प्रवाहांतून जहाज नेत प्राचीन लेख शोधतात. भाषा एकच, पण शब्द लहान लहान घटकांनी जोडत गेलेले, लांबलचक. तुम्ही शब्द तोडायचा आणि दिलेल्या पर्यायांतून अर्थ निवडायचा. लगेच कुणी बरोबर-चूक सांगत नाही. तोच शब्द आणखी लेखांत येऊन तपासला गेल्यावरच आलियाला खात्री होते. मधल्या काळात चुकीचा अर्थ घेऊनही गोष्ट पुढे जाते, आणि आलिया त्या चुकीच्या समजुतीवर बोलतेसुद्धा. शिवाय सापडलेले लेख तिथे साठवलेले असतात आणि पुन्हा काढून वाचता येतात. मला जे चॅन्ट्समध्ये हवं होतं ते इथे आहे. एकदा खेळ संपवून पुन्हा सुरू केला तर शिकलेले शब्द सोबत राहतात आणि लेख अधिक लांब आणि अवघड होतात. आम्ही आता तो खेळतो आहोत. मात्र त्यातला जहाजाचा प्रवास संपता संपत नाही. भाचा त्या वेळात जेवून येतो. आणि त्या भाषेत पाच समाजांची पाच तोंडं नाहीत, 'अपवित्र'सारखा धक्का तिथे मला अजून तरी मिळालेला नाही.

म्हणून या दोन्हींपैकी मुलांना कुठला द्यायचा असं कुणी विचारलं तर मी चॅन्ट्सच देईन. त्याचं कारण त्यातली दुभाषाची कामं. बुरुजात ठिकठिकाणी यंत्रं आहेत, त्यांच्यापाशी एका मजल्यावरचा माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाशी बोलू पाहत असतो. याचं त्याला कळत नाही, त्याचं याला. आपण मधे उभं राहून याचं वाक्य त्याच्या चिन्हांत लिहायचं. इथे वाक्यरचना बदलावी लागते, एकाकडे चिन्ह दोनदा लिहून झालेलं अनेकवचन दुसऱ्याच्या पद्धतीनं लिहावं लागतं, आणि सगळं शिकलेलं एकदम पणाला लागतं. चित्रांच्या पानासारखी अदलाबदल करून इथे फारसं भागत नाही. बरोबर लिहिलं की दोन मजल्यांमधला अबोला सुटतो. ही कामं टाळूनही वर चढता येतं, पण खेळाचा खरा शेवट ती केल्यावरच मिळतो. टाळू नका.

या जूनपासून मी मोडीच्या नव्या तुकडीला पहिल्या दिवशी अक्षरांचा तक्ता देणं बंद केलं आहे. आधी एक कागद देते, कुठे सापडला आणि कुणाच्या घरातला ते सांगते, आणि विचारते, यात काय असेल? तारखेची जागा, नावाची जागा, पैशाचा आकडा, एवढं बहुतेकांना एक अक्षर न येता सापडतं. मागच्या तुकडीतले एक निवृत्त तलाठी वर्गात आले होते, त्यांनी कागदाच्या नुसत्या मांडणीवरून तो गहाणखत असल्याचं सांगितलं. तक्ता दुसऱ्या दिवशी मिळतो. भाच्याची सुटी संपली आहे, पण 'हेवन्स व्हॉल्ट'मधल्या एका लांब शब्दावरून आमचं फोनवर भांडण चालू आहे. तो म्हणतो त्याचा अर्थ 'राणी', मी म्हणते 'आई'. आणखी दोन लेख मिळाले की बघू.